पावतीवर सही कोणाची?

शनिवारी संध्याकाळी मी आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाचा वर्ग घेतो. लहानपणी आईवडिलांच्या कडेवर असताना ज्यांचा बाप्तिस्मा झाला, ती मुलं चौदा-पंधरा वर्षांची झाली की मंडळीसमोर उभी राहून ‘हा विश्वास आता माझा’ असं सांगतात. त्याआधीची ही शिकवणी. काही आठवड्यांपूर्वी एकदा वर्ग सुटला, मुलं वडापावच्या गाडीकडे पळाली आणि एक मुलगी जिन्यातच थांबली. म्हणाली, ‘‘सर, माझं तारण झालंय की नाही हे मला कसं कळणार? बाकीच्यांना कळलेलं असतं का?’’

मी घड्याळाकडे बघितलं आणि ‘‘पुढच्या शनिवारी बोलू’’ म्हटलं. खरं सांगायचं तर मी पळ काढला. या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आमच्याकडे नेहमी मिळतात आणि मला त्यातलं एकही द्यायचं नव्हतं. पहिलं उत्तर काकू-मावश्यांचं: ‘‘अगं, तू एवढी गुणी पोर, तुला कसली काळजी!’’ दुसरं जरा कडक: ‘‘शंका घेऊ नकोस, शंका सैतानाकडून येते.’’ पहिल्या उत्तराने पोरीचं तारण तिच्या गुणीपणावर टांगलं जातं. दुसऱ्याने ती पुढच्या वेळी विचारायचीच बंद होते. त्या शनिवारी जे बोलायला हवं होतं ते इथे सवडीने लिहितोय. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही कळावं अशा बेताने, कारण आमच्या मंडळीतल्या शब्दांवर इतकी वर्षं हात फिरलाय की ते आम्हालाच गुळगुळीत झालेत.

‘तारण’ हाच शब्द घ्या. रस्त्यावर दर चार दुकानांनंतर ‘सोने तारण कर्ज’ अशी पाटी दिसते. मुलं त्यावरून हसतात. तिथे तारण म्हणजे सावकाराकडे गहाण ठेवलेली वस्तू. आमच्याकडे तारण म्हणजे सुटका: पाप आणि मरण यांच्या ताब्यातून देवाने माणसाला सोडवणं. ही सुटका कमाई करून मिळत नाही, ती कृपेने मिळते आणि विश्वासाने हातात घ्यायची असते, असं येशूचा प्रेषित पौल याने इफिसच्या मंडळीला लिहिलं. इथपर्यंत आमच्या वर्गातल्या मुलांना तोंडपाठ असतं.

गोंधळ होतो तो पुढे. तारण होणं आणि तारण झालंय हे कळणं या दोन गोष्टी आहेत. बाळ जन्मतं तेव्हा आपण जन्मलो हे त्याला कुठे माहीत असतं? ते कळायला वर्षं जातात, म्हणून काही त्याचा जन्म अपुरा ठरत नाही. या कळण्याला मराठी बायबलमध्ये ‘खातरी’ म्हटलंय, कुठे ‘भरवसा’. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाची व्याख्या करताना हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात. मूळ ग्रीकमध्ये पूर्ण खातरीसाठी ‘प्लेरोफोरिया’ असा एक शब्द आहे, काठोकाठ भरलेपणा सांगणारा. गंमत म्हणजे आजच्या ग्रीक भाषेत हाच शब्द ‘माहिती’ या अर्थाने वापरतात. भरलेपणाची माहिती होणं हा प्रवास ग्रीक शब्दाने केला, आणि आमच्यातल्या पुष्कळांचा विश्वासही त्याच उताराने खाली आलाय. पण त्याकडे नंतर येतो.

आधी मला एक शब्द दाखवायचाय, जो मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. विसार. कोणी इसार म्हणतं. खोली पसंत पडली, भाव ठरला, की पुऱ्या पैशांआधी थोडी रक्कम द्यायची आणि पावती घ्यायची. ताबा मागाहून. बोलणी पक्की झाल्याची ती खूण. आता पौल काय लिहितो बघा. तुम्ही सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताची आनंदाची बातमी, ऐकलीत, विश्वास ठेवलात, आणि पवित्र आत्म्याचा तुमच्यावर शिक्का मारला गेला, आणि तो आत्मा आपल्या वतनाचा विसार आहे. शिक्का, वतन, विसार! मराठी भाषांतरकारांनी जणू पौलाला रजिस्ट्रार ऑफिसात आणून बसवलंय. मूळ ग्रीक शब्द ‘अराबोन’, तोही व्यापारातलाच, सेमिटिक भाषांतून ग्रीकमध्ये गेलेला. बायबलच्या नव्या करारात तो तीनदाच येतो, तिन्ही वेळा पौलाच्या पत्रांत, आणि तिन्ही वेळा पवित्र आत्म्याबद्दल.

यात एक उलटापालट आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. खोली घेताना विसार आपण देतो. इथे तो देवाने दिलाय, आपण घेणारे आहोत. आणि विसाराचा रिवाज काय? देणारा फिरला तर त्याची रक्कम बुडते. म्हणजे देव शब्दाला फिरला तर बुडणार काय, तर त्याचा स्वतःचाच आत्मा. पौलाला एवढं मोठं म्हणायचंय, आणि आपण मात्र आदल्या रविवारच्या प्रार्थनेत डोळ्यांत पाणी आलं की नाही, यावर हिशेब मांडत बसतो.

अर्थात मुंबईकर लगेच म्हणेल, विसाराचं कौतुक आम्हाला सांगू नका. पुनर्विकासाच्या नावाखाली चाळ पाडली, पत्र्याच्या संक्रमण शिबिरात गेलो, कागद सगळे जपून ठेवले आणि ताब्याची वाट बघत आमच्या अण्णा-आजींची पिढी तिथेच संपली. खरं आहे. म्हणूनच तर उदाहरण उपयोगाचं आहे. पावतीची किंमत कागदाच्या जाडीवर नसते, ती तुम्ही किती घट्ट धरलीत यावरही नसते. खाली सही कोणाची, एवढ्यावर असते. सही करणारा बुडवा असेल तर तुमचा अढळ विश्वास तुम्हाला घर देत नाही. सही करणारा शब्दाचा पक्का असेल, तर तुम्ही रात्र रात्र जागून पावती उलटसुलट करून बघितलीत तरी घर मिळायचं राहत नाही. झोपेचं खोबरं होतं, तेवढंच. मग खातरी वाढायची तर काय वाढायला हवं? सही करणाऱ्याची ओळख.

मला जे म्हणायचंय ते हेच. आता ते जरा उकलून सांगतो.

खातरीसाठी नव्या करारात एक अख्खं पत्र आहे, योहानाचं पहिलं. पाच छोटे अध्याय, चर्चगेट ते बोरिवली स्लो लोकलमध्ये दोनदा वाचून होतील. शेवटाकडे तो सरळ सांगतो की तुम्हाला सार्वकालिक जीवन लाभलंय हे तुम्हाला कळावं म्हणून मी हे लिहिलं. ‘आशा वाटावी’ म्हणून नाही, ‘कळावं’ म्हणून. आणि पत्रभर तो खुणा देत जातो: येशू हा देवाचा पुत्र म्हणून देहाने आला असं मानता का? त्याच्या आज्ञा पाळता का? भावाबहिणींवर प्रीती करता का? आपण मरणातून जीवनात आलो हे बंधूंवरच्या प्रीतीवरून कळतं, असं तो म्हणतो.

आमच्याकडे हे पत्र परीक्षेच्या पेपरसारखं वाचतात. तीन प्रश्न, पस्तीस टक्क्यांना पास. त्या जिन्यातल्या मुलीनेही तसंच वाचलं असणार. प्रीती? शेजारच्या इमारतीतल्या पोरीशी ती चार महिने बोलत नाहीये. आज्ञा? सोडून द्या. झालं, नापास. पण योहान त्याच पत्रात काय म्हणतो? आपलं मन आपल्याला दोषी ठरवेल तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, त्याला सगळं ठाऊक आहे. म्हणजे मन दोषी ठरवणार हे त्याने गृहीत धरलंय, आणि तरीही पेपर परत घेतलेला नाही. या खुणा बाहेरून शिरलेल्या खोट्या शिक्षकांना ओळखायलाही होत्या. स्वतःची नाडी दर पाच मिनिटांनी मोजायला त्या दिलेल्या नाहीत.

जुने धर्मशिक्षक खातरीचे तीन आधार सांगतात: देवाचं वचन, बदललेलं जीवन आणि आत्म्याची अंतरीची साक्ष. शिकवताना तिन्ही एका ओळीत येतात, पण ते सारख्या वजनाचे नाहीत. वचन पायाखालची जमीन आहे. बदललेलं जीवन हे त्या जमिनीवर उगवलेलं झाड. झाड बघून जमीन जिवंत आहे हे कळतं, पण झाडावर घर बांधत नाहीत. तिसरी, आत्म्याची साक्ष, शब्दांत धरायला सगळ्यात अवघड. रोमच्या पत्रात पौल म्हणतो की आपल्याला मिळालेला आत्मा दत्तकपणाचा आहे, त्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो, आणि आपण देवाची मुलं आहोत अशी साक्ष तो आपल्या आत्म्याबरोबर देतो. इथे बरेच जण कानात आवाज यायची वाट बघतात. पण पौलाने साक्ष कशात दाखवली? हाकेत. दत्तक घेतलेलं पोर रात्री दचकून उठतं आणि ‘बाबा!’ म्हणून ओरडतं, तेव्हा त्याने दत्तकपत्र वाचलेलं नसतं. घाबरलेल्या अवस्थेतही हाक कोणाच्या दिशेने गेली, हे बघा. ‘माझ्यात विश्वासच नाही’ असं देवालाच रडून सांगणारी माणसं मी पाहिलीत. ती रडत असतानाच मला त्यांची साक्ष ऐकू येते. त्यांना स्वतःला मात्र येत नाही.

आपल्या मराठी मातीचा एक परिणाम इथे आहे असं मला वाटतं. संतांनी आपल्याला ‘अनुभव’ या शब्दाची ओढ लावली, आणि ते भाग्यच आहे. पण त्यामुळे मंडळीत साक्ष द्यायला उभं राहणाऱ्याकडून आम्ही काहीतरी घडल्याची अपेक्षा करतो. दारू सुटली, आजार गेला, अमुक तारखेला रात्री प्रकाश दिसला. ज्याचं असं काही घडलेलं नाही, जो संडे स्कूलपासून हळूहळू वाढत इथवर आला, तो खाली मान घालून बसतो. वास्तविक गर्दीच्या लोकलमध्ये आपण दरवाजातून आत कधी ढकललो गेलो ते कळत नाही, आणि तरी दादर गेल्यावर आपण गाडीत आहोत याबद्दल शंका नसते.

तारीख ठाऊक असलेल्यांचीही गत ऐका. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट ही प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे धर्मोपदेशक जॉन वेस्ली. २४ मे १७३८, लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरची एक सभा, रात्री पावणेनऊचा सुमार. कोणीतरी पौलाच्या रोमकरांस पत्रावरची जर्मन धर्मसुधारक ल्यूथरची प्रस्तावना वाचत होतं आणि वेस्लींना आपलं अंतःकरण विलक्षण ऊबदार झाल्याचं जाणवलं. ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा पापं दूर केली अशी खातरी पटली. ही गोष्ट प्रवचनांत हजारदा येते. पुढची येत नाही. जानेवारी १७३९ मध्ये, आठ महिनेही झाले नव्हते, त्याच वेस्लींनी रोजनिशीत लिहिलं की मी आज ख्रिस्ती नाही. आणि त्याच वर्षी ते उघड्या मैदानात प्रवचनं करू लागले, पुढची पन्नास वर्षं करत राहिले. ऊब येते आणि जाते. माणूस तिच्या भरवशावर पन्नास वर्षं घोड्यावरून हिंडत नाही.

आता एक जुनं भांडण, कारण मुंबईत ते शेजारीच राहतं. आम्ही प्रोटेस्टंट; माझे शेजारी वसईकडचे, कॅथलिक. सप्टेंबरमध्ये माउंट मेरीच्या जत्रेला जातात. तिथे मेणाच्या आकृत्या वाहतात: हात दुखत असेल तर मेणाचा हात, घर हवं असेल तर मेणाचं घर. यांनी मेणाचं घर किती वर्षं वाहिलं ते विचारू नका; शेवटी नालासोपाऱ्याला मिळालं. एकदा मी त्यांना थट्टेने विचारलं, ‘‘तुम्ही स्वर्गात जाणार याची खातरी आहे का?’’ ते म्हणाले, ‘‘आशा आहे. खातरी म्हणणं जरा उद्धटपणा नाही का?’’

या एका वाक्यामागे पावणेपाचशे वर्षांचा इतिहास आहे. ल्यूथर आणि त्याच्यानंतरचे सुधारक म्हणत होते की विश्वास म्हणजेच भरवसा, आणि भरवसा डळमळीत कसा असेल? त्याला उत्तर म्हणून कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५४७ साली ठरवलं की देवाची दया, ख्रिस्ताचं पुण्य आणि संस्कारांचं सामर्थ्य यांवर कोणी शंका घेऊ नये. पण स्वतःकडे आणि स्वतःच्या दुबळेपणाकडे बघताना आपण कृपेत आहोत की नाही याची धास्ती वाटू शकते, आणि चूक होऊच शकत नाही अशा खातरीने ते कोणाला कळत नाही. आमच्या बाजूच्या लोकांना यातला फक्त दुसरा अर्धा भाग ठाऊक असतो. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १४३१ मध्ये, फ्रान्समधल्या रूआँ इथे, लढाईत उतरलेल्या जोन ऑफ आर्कवर खटला चालला तेव्हा न्यायाधीशांनी तिला हाच सापळा लावला होता: तू देवाच्या कृपेत आहेस का? हो म्हटलं तर उद्धट, नाही म्हटलं तर कबुली. एकोणीस वर्षांची, लिहिता-वाचता न येणारी शेतकऱ्याची पोर. ती म्हणाली, नसेन तर देवाने मला कृपेत घ्यावं. असेन तर तिथेच राखावं. मला हे उत्तर प्रोटेस्टंट कानांनीही अतिशय आवडतं. दोन्ही शक्यतांत तिने कर्ता देवालाच ठेवलाय.

आणि आमच्या बाजूलाही सगळे एका सुरात नव्हतेच. मुंबईत विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने उभं आहे ते जॉन विल्सन ज्या स्कॉटिश परंपरेतून १८२९ साली इथे आले, तिचं विश्वासाचं मतपत्रक वेस्टमिन्स्टरचं, १६४० च्या दशकात लिहिलेलं. त्यातला अठरावा अध्याय खातरीवर आहे आणि तो फार माणुसकीने लिहिलाय. खरा विश्वास असलेल्या माणसालाही खातरी मिळायला दीर्घ काळ लागू शकतो, मिळालेली खातरी हलू शकते, कमी होऊ शकते, काही काळ नाहीशीसुद्धा होऊ शकते. पण देवाचं बीज त्याच्यात राहतंच. म्हणजे ‘शंका आली म्हणजे तू विश्वासणाराच नाहीस’ हे ठासून सांगणाऱ्या उपदेशकाला त्याच्याच आजोबांचा पाठिंबा नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आऊग्सबुर्ग इथे लूथरन, म्हणजे ल्यूथरच्या परंपरेतल्या, मंडळींनी आणि कॅथलिकांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्यात खातरीवर एक स्वतंत्र भाग आहे: विश्वासणारे देवाच्या दयेवर आणि अभिवचनांवर विसंबू शकतात, असं दोघांनी मिळून म्हटलंय. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण माझे शेजारी ज्याला आशा म्हणतात आणि मी ज्याला खातरी म्हणतो, त्यातलं अंतर आमच्या दोन दारांइतकं तरी कमी झालंय.

आता ‘ओळख’. मराठीत आपण म्हणतो, ‘‘त्यांच्याबद्दल माहिती आहे, ओळख नाही.’’ खातरीच्या वाटेवरची बहुतेक अडचण या एका फरकात आहे, आणि ती माझ्या शब्दांपेक्षा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून नीट कळते. बुद्धीने त्या काळात त्यांच्या तोडीची माणसं थोडी होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर अमेरिका, आणि मुंबईला परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन. बाहेरून बघणाऱ्याला यात उणं काय दिसणार? पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. मधल्या काळात त्या निरनिराळ्या पंथांची मतं तपासत होत्या, शिकत होत्या, वाद घालत होत्या. एका इंग्रज धर्मगुरूची हकिगत त्यांच्या वाचनात आली, जो धर्मगुरू झाल्यावर बऱ्याच काळाने स्वतः विश्वासात आला होता. तिथून त्या विचार करू लागल्या की मी विसंबलेय कशावर?

रमाबाईंचं शिक्षण वाया गेलं असा अर्थ कोणी काढू नये. आमच्याकडे तसा काढतात: ‘‘डोकं बाजूला ठेवा, फक्त विश्वास ठेवा.’’ पण ख्रिस्ताची ओळख पटल्यावर बाईंनी पुढे काय केलं? हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. १९२२ मध्ये जाईपर्यंत त्या कामावर होत्या. ओळख झालेल्या माणसाची माहितीही हवीशी वाटते. लग्न ठरल्यावर समोरच्याच्या शाळेतल्या गोष्टीसुद्धा ऐकाव्याशा वाटतात, तसं.

टिळक पतिपत्नींचंही असंच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी इथे मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षं लागली. नवऱ्याची घाई आणि बायकोचं थांबणं यांत कोणाचा विश्वास अस्सल, असला प्रश्न त्यांच्या चरित्राकडे बघून तोंडातून निघत नाही.

मग ओळख वाढते कशी? इथे चमत्कारिक असं काही सांगता येत नाही, म्हणून लोक कंटाळतात. आमच्याकडे नव्या वर्षाच्या मध्यरात्रीच्या उपासनेत प्रत्येकाला वचनाचं एकेक कार्ड मिळतं. माझीही पाकिटात आहेत, टाकवत नाहीत. पण कार्डावरच्या एका ओळीने बायबल वाचायची सवय लागली की देव म्हणजे शुभेच्छापत्र होतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातली ती लाडकी ओळ, तुमच्या हिताचे संकल्प मला ठाऊक आहेत ही, परमेश्वराने बाबेलच्या बंदिवासात गेलेल्यांना पाठवली होती, आणि वरच त्यांना सांगितलं होतं की सत्तर वर्षं लागतील, तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा. हे कळल्यावर ओळ लहान होत नाही, मोठी होते. कार्डावर ती परीक्षेच्या निकालासाठी होती. अख्ख्या अध्यायात ती संक्रमण शिबिरात राहणाऱ्यांसाठी आहे. समज वाढणं म्हणजे साधारण हे. इब्रीच्या पत्रात दूध आणि जड अन्न असा फरक केलाय तो याचाच, आणि लेखक चिडलाय तो वाचकांनी दूध पिण्यावर नाही, एवढा काळ लोटल्यावरही दुधावरच थांबण्यावर.

स्तोत्रं मोठ्याने वाचावीत, विशेषतः रडकी. तेराव्या स्तोत्रात ‘किती वेळ?’ असं देवाला पुन्हा पुन्हा विचारलंय. अठ्ठ्याऐंशिवं अंधारातच संपतं, शेवटी उजाडतसुद्धा नाही. ज्यांनी पवित्र शास्त्र जपलं त्यांनी ही कागाळी आत ठेवली, गाळली नाही. शंकेला प्रार्थनेत जागा आहे हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने (हा पत्र लिहिणारा योहान नव्हे) तुरुंगातून येशूला निरोप पाठवला, जो येणार आहे तो तूच की दुसऱ्याची वाट बघू? येशूने त्याला दटावलं नाही. आंधळे बघतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे जाऊन सांगा म्हणाला. आणि निरोप्ये वळल्याबरोबर लोकांसमोर त्याच योहानाची थोरवी गायली.

येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पत्रात विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची अशी भर घालत शेवटी बंधुप्रेम आणि प्रीतीपर्यंत नेलंय, आणि आपलं पाचारण (देवाचं बोलावणं) व निवड दृढ करायला झटा असंही म्हटलंय. मला यात एवढंच सांगायचंय की ‘भर घालणं’ एकट्याने होत नाही. बंधुप्रेमाला बंधू लागतात, आणि ते बहुधा आपल्याला न आवडणारे असतात: पार्किंगवरून भांडणारे, गायनात बेसूर, प्रभुभोजनाच्या रांगेत नेमके आपल्या पुढे. ऑनलाइन उपासनेत ही सोय नसते.

एक सावधगिरी. खातरी वाटणं हा खातरीचा पुरावा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ‘प्रभू, प्रभू’ म्हणत येणारी माणसं ठाम आहेत, त्यांच्या मनात शंकेचा लवलेश नाही. त्यांनी भविष्यवाणी केली, भुतं काढली, अद्भुतं केली. त्यांना उत्तर मिळतं, मी तुम्हाला ओळखत नाही. ओळखत नाही! ज्यांना झोप येत नाही अशांना घाबरवायला हा उतारा वापरतात, तेव्हा मला संताप येतो. तो गाढ झोपलेल्यांसाठी आहे. बोट दाखवताना ती माणसं कुणाकडे दाखवत होती तेही बघा: आम्ही हे केलं, आम्ही ते केलं. पावती त्यांनी स्वतःच लिहिली होती.

दुसरी सावधगिरी जास्त महत्त्वाची. कधी कधी प्रश्न विश्वासाचा नसतोच. अंबरनाथहून फोर्टला रोज येणारा, पाच तास झोपणारा, घरी आजारी आई असलेला माणूस ‘देव माझ्यापासून दूर गेला’ म्हणतो तेव्हा त्याला आधी जेवायला आणि झोपायला सांगावं. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी ठेवलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला लावलं. आणि तेच तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करूनही क्षमा झाली असं वाटत नसेल, महिनोन्‌महिने काळोखच असेल, तर पाळकांइतकीच डॉक्टरांची गरज असू शकते. मधुमेहाच्या गोळीने विश्वास कमी होत नाही, मग मनाच्या आजाराच्या गोळीनेच का व्हावा?

इब्रीच्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. वेसाव्याच्या कोळ्याला विचारा, नांगर होडीत ठेवून होडी थांबते का? तो बाहेर फेकावा लागतो, खाली जातो, दिसेनासा होतो. दिसते ती फक्त ताणलेली दोरी.

पुढच्या शनिवारी मी त्या मुलीला यातलं निम्मंही सांगू शकलो नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातली आजारी मुलाच्या बापाची गोष्ट तेवढी वाचली. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असं एका दमात ओरडणारा बाप. तिचं समाधान झालं नाही, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानंतर तीनचार शनिवार ती काही बोलली नाही. परवा वर्ग सुटल्यावर पुन्हा जिन्यात उभी. मी मनातल्या मनात तयारी केली. तिने विचारलं, ‘‘सर, येशूने त्या मुलाला हात धरून उठवलं, तेव्हा बापाचा विश्वास पूर्ण झालेला होता का? मार्काने तसं लिहिलेलंच नाही. मी दोनदा वाचलं.’’

‘‘नाही लिहिलेलं,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे थांबलाच नाही तो त्यासाठी,’’ ती म्हणाली, आणि वडापावच्या गाडीकडे निघून गेली.